रुमालाखालचा हात

सांगलीच्या हळदीच्या पेठेत बशीरभाई तांबोळींचं नाव काढलं की लोक आधी आपला हात मागं घेतात आणि मग हसतात. चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस. आता सौदे उघड बोलीनं होतात, पण बशीरभाईंच्या उमेदीच्या काळात घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवती वीस माणसं असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. बशीरभाईंचं वेगळेपण असं की ते बोटांपेक्षा तोंडाकडं जास्त बघायचे. रुमालाखाली जे चाललंय ते माणूस रुमालाच्या वर किती झाकू शकतो, यावरून त्यांनी माणसांची एक लांबलचक यादी मनात तयार केली होती. तिच्यात भरवशाची नावं फार थोडी होती. खुद्द बायकोचं, रहिमतबीचं नावसुद्धा त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, शाईनं नव्हे.

असा हा माणूस आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, तीस फुटी शिडाच्या बोटीत, अंगात फुगलेलं केशरी जाकीट आणि खांद्यावर चौकड्यांचा रुमाल घेऊन बसला होता. त्याला तिथवर आणलं होतं धाकट्या लेकीनं, सबानं.

सबा चार वर्षं कॉर्क शहरातल्या इस्पितळात नर्स होती. रमजानमध्ये तिनं फोनवर सांगितलं की वाजिद नावाचा एक मुलगा आहे, आपल्याच साताऱ्याकडचा. वडील कोयनानगरला वीजघरात होते, आता साताऱ्यात घर बांधून राहिलेत. मुलगा इथं बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात इंजिनियर आहे, ईदच्या कार्यक्रमात ओळख झाली, आणि निकाह करायचा तर त्याच्याशीच. वर तिनं हेही सांगितलं की अब्बा नाही म्हणाले तर ती पळूनबिळून जाणार नाही. फक्त मग दुसरं स्थळ म्हणून कुणी दाखवायचं नाही, कधीच. हे ती इतक्या शांतपणे बोलली की बशीरभाईंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. आरडाओरडा केला असता तर भाव पाडता आला असता.

ते साताऱ्याला जाऊन घर बघून आले. वडील कमी बोलणारे, आई जास्त बोलणारी, म्हणजे घर ठीक होतं. पण पोरगा नुसता फोनवर बघितलेला, आणि फोनवर माणूस छातीपर्यंतच दिसतो. बशीरभाईंच्या मते माणसाची खरी ओळख हाताला होते. म्हणून त्यांनी व्हिसा काढला, रहिमतबीला बरोबर घेतलं, आणि होय का नाही ते समक्ष बघून सांगतो, असं दोन्हीकडं कळवलं.

कॉर्कला वाजिद सबाच्या खोलीवर आला तो सायकलवरून, हातमोजे घालून, मिठाईचा मोठा खोका दोन्ही हातांनी धरून. सलाम तोंडानं केला. खोका ठेवला आणि दहा मिनिटांत कामाला म्हणून गेला. बशीरभाई हात पुढं करून उभे होते ते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यानंच निरोप दिला की चाचा-चाचींना सबासकट किनाऱ्यानं तीन दिवस फिरवून आणतो, कारखान्यातल्या चौघांची मिळून एक बोट आहे. रहिमतबीनं पाण्याचं नाव ऐकूनच दुवा पुटपुटायला घेतली. बशीरभाई मात्र लगेच हो म्हणाले. पोत्याच्या तोंडाशी चांगली हळद सगळेच ठेवतात. टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसून आतला माल बघायचा असतो. तीन दिवस एका बोटीत म्हणजे पोत्याचं पोटच की.

तर नळी खुपसून झाली होती, आणि दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत जे बाहेर आलं ते बशीरभाईंना पसंत नव्हतं.

पहिली गोष्ट, पोरगा उजव्या हातातला मोजा काढत नव्हता. दोरीनं हात सोलतात, असं त्याचं सांगणं. पण डाव्या हातानं तो तीच दोरी उघड्यानं ओढायचा, ती कशी सोलत नव्हती? दुसरी गोष्ट, जेवताना चमचा डाव्या हातात. रहिमतबीनं डोळ्यांनी दटावलं म्हणून बशीरभाई गप्प राहिले, पण डाव्या हातानं खाणारा मुसलमानाचा पोरगा त्यांनी आपल्या ताटासमोर पहिल्यांदाच बघितला. असेल डावखुरा, असं रहिमतबी म्हणाली. पण जन्माचा डावखुरा हात कसा चालतो हे बशीरभाईंना माहीत होतं, हळद तोलणारा त्यांचा तोलारच डावखुरा होता. या पोराचा डावा हात नवशिक्या होता. वरण तोंडाशी नेताना आधी विचार करायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. नमाजाआधी वजू करायला तो खालच्या टीचभर न्हाणीत जायचा, आतून कडी लावायचा, आणि बाहेर येताना मोजा पुन्हा हातात. चारचौघांत हातपाय धुवायला लाजायचं कारण काय?

बशीरभाईंनी सगळं जुळवलं. भेसळ म्हणजे मालात काहीतरी जास्तीचं घातलेलं असतं. खडे, ओल, रंग. म्हणजे या हातावर काहीतरी जास्तीचं होतं. गोंदलेलं नाव असेल, नाहीतर मग अंगठी. इकडच्या लोकांत लग्न झालं की अंगठी घालतात, हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्या हातात घालतात ते ठाऊक नव्हतं, आणि विचारलं असतं तर संशय उघडा पडला असता. काही अंगठ्या वर्षानुवर्षं घातल्या की निघत नाहीत, हेही त्यांनी बघितलेलं होतं. पोरगा सहा वर्षं इथं राहतोय. सहा वर्षांत इथली एखादी बाई केली असेल, मूलही असेल, आणि आता साताऱ्याच्या आईला दाखवायला सबा.

हा विचार मनात पक्का बसला तेव्हाच वारा फिरला. समुद्र खालून उचलायला लागला आणि रहिमतबीनं बोटीच्या कडेला डोकं टेकवलं. वाजिद सुकाणू सबाच्या हातात देऊन धावला, मोज्याच्या हातानं तिचं कपाळ धरून बसला, पाठीवरून हात फिरवत राहिला. आई आहे तसं केलं, हे बशीरभाईंनी बघितलं आणि त्याच्या बाजूनं धरलं. पण लगेच पुढची गोष्ट घडली.

सबा म्हणाली की समोरच्या खाडीत बंदर आहे, तिथंच आत घेऊ. वाजिदनं त्या दिशेला बघितलं आणि म्हणाला, पुढचं बंदर मोठं आहे, दोन तासांत पोचू.

"दोन तास अम्मी अशीच राहणार? इथंच घे," सबा म्हणाली. आवाज हळू होता, पण बशीरभाईंना त्यातली धार कळली. ती नुसत्या बंदराबद्दल बोलत नव्हती.

वाजिदनं क्षणभर बंदराकडं पाठ केली. मग शीड उतरवायला लागला. नको असलेल्या गावात शिरणारा माणूस बशीरभाईंना लांबून ओळखू येतो. बाजारात अशी माणसं मुख्य रस्ता सोडून बोळातून जातात.

बंदर एवढंसं. गावाचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत होतं, पण बशीरभाईंना ते शेवटपर्यंत वाचता आलं नाही. त्यांनी त्याला सांगलीकडचं आपलं कडेगाव म्हणून टाकलं. टेकडीवर चर्च, खाली एकच रस्ता, एक पोस्ट, दोन दारूची दुकानं, एक चहाचं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाची माहिती. तिकडं जसे उसाचे ट्रॅक्टर उभे असतात तशा इकडं धक्क्याला मासेमारीच्या बोटी लागलेल्या, लाल, निळ्या, गंज चढलेल्या. शेवंडी पकडायचे पिंजरे माणसाच्या उंचीएवढे रचलेले. डिझेलचा आणि मासळीचा एकत्र वास. उन्हाळा म्हणे, पण थंडी अंगात शिरत होती. सूर्यावरही बशीरभाईंचा भरवसा नव्हता. रात्री दहापर्यंत दुकान उघडं ठेवणारा सूर्य त्यांनी कधी बघितला नव्हता.

धक्क्यावर पिवळ्या रबरी विजारीतला सत्तरीचा उंच म्हातारा जाळं नीट करत बसला होता. त्यानं ओळखीची बोट बघावी तशी ती बघितली, हातातलं जाळं टाकलं, आणि वाजिदनं फेकलेली दोरी झेलून खुंट्याला बांधली. त्याचं नाव फिनबार. त्यानं वाजिदला मिठी मारली ती काही साधी नव्हती. मग बशीरभाईंकडं वळून सावकाश इंग्रजीत, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत सांगितलं की हा पोरगा आमच्याच घरातला आहे. बाजारातल्या इंग्रजीवर बशीरभाईंना तेवढं व्यवस्थित कळलं. घरातला. म्हणजे कसा घरातला, ते विचारावं लागलं नाही, कारण म्हाताऱ्याच्या मागून तिशीतली, लाल केसांची एक बाई चहाच्या दुकानाच्या दारात येऊन हात पुसत उभी राहिली होती, आणि वाजिदकडं बघून हसत होती. ती फिनबारची मुलगी.

बशीरभाईंनी सबाकडं बघितलं. सबा त्या बाईला हात करत होती. ओळखीचा हात. आपल्या पोरीला किती बनवलंय, याची त्यांना कल्पना येईना.

रहिमतबीला जमिनीवर बाकावर बसवून सबा पाणी आणायला गेली. बशीरभाई पिशवी राहिली म्हणून पुन्हा बोटीत उतरले, आणि छोट्या काचेतून त्यांना पिंजऱ्यांच्या आडोशाला दोघं दिसले. वाजिद आणि फिनबार, समोरासमोर. म्हाताऱ्यानं आपला जाड कोट काढून दोघांच्या हातांवर टाकला होता. कोटाखाली हात हलत होते. वर दोघांची तोंडं दगडासारखी. कुणी बोलत नव्हतं. दहा मिनिटं तरी असं चाललं. मध्येच वाजिदनं डोळे मिटले आणि खालचा ओठ दातात धरला, देणाऱ्याला भाव परवडत नसला की तो धरतो तसा. मग मान हलवली. म्हाताऱ्यानं कोट झटकला, त्याच्या खांद्यावर थाप मारली. सौदा झाला होता.

चाळीस वर्षांत बशीरभाईंनी असे किती सौदे केले याची गणती नव्हती. एवढ्या लांब, सात समुद्रांपलीकडं, कुणीतरी त्यांच्यासमोर रुमालाखाली बोलावं आणि बघणाऱ्याला कळणार नाही असं समजावं, याचा त्यांना राग आला. सौदा कशाचा असणार? सासऱ्याचं तोंड बंद ठेवायचा. दोन दिवस गप्प बसा, हे लोक गेले की मी आहेच.

ते वर येऊन बाकावर रहिमतबीशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मोजा, डावा हात, वजू, अंगठी, लाल केसांची बाई, कोट.

रहिमतबी लिंबाचा तुकडा हुंगत होती. तिचा रंग परत आला होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "आसंल अंगठी तर बघा की मग. तुमाला कोण आडवलंय?"

"बघतोच. आन् सापडली तर आजच न्हाई म्हणून सांगतो. इथंच. पोरीला कायमचं रडवलेलं परवडलं, पर फसवलेलं न्हाई."

हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा राहिला नाही. रहिमतबीनं लिंबाचा तुकडा पिशवीत टाकला आणि त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. बोलली नाही. बशीरभाईंनी तेही टिपलं, आणि तिचं पेन्सिलीतलं नाव थोडं खोडलं.

चहाच्या दुकानात दुपारचं जेवण मिळत होतं. टेबलं चार, खिडकीतून धक्का दिसायचा. बशीरभाई खिडकीकडं पाठ करून बसले, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर राहिली. सबा आणि वाजिद पलीकडं, रहिमतबी शेजारी. फिनबार कोपऱ्यात भिंतीला टेकून आपला चहा पीत होता. त्याच्या मुलीनं बश्या आणल्या. भाजलेला मासा, उकडलेले बटाटे. चौघांना सारखंच, पण एक फरक होता. तिघांच्या बशीत मासा अख्खा होता. वाजिदच्या बशीत त्याचे घासाएवढे तुकडे केलेले होते, काटे काढून, बटाटासुद्धा चिरलेला. न मागता, न विचारता.

बशीरभाईंनी ती बशी नीट बघून घेतली. गड्याचं ताट असं कोण लावतं? आई लावते, नाहीतर बायको. आई तर साताऱ्यात होती.

वाजिदनं डाव्या हातात काटा घेतला.

"थांब," बशीरभाई म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, टेबलावर पसरला. "आमच्या पेठेतला सौदा ठाव हाय का तुला?"

"ऐकलाय, चाचा. कोयनेला असताना वडील सांगायचे. बैलबाजारात बघितला होता त्यांनी."

"आज माझ्यासंगं कर. माल माझ्याकडं हाय." त्यांनी सबाकडं बघितलं नाही, पण कुठल्या मालाबद्दल बोलतायत ते सगळ्यांना कळलं. "घेणारा तू. उजवा हात दे. आन् मोजा घालून सौदा होत न्हाई."

वाजिदनं काटा खाली ठेवला. त्यानं सबाकडं बघितलं. सबानं बशी बाजूला सारली आणि म्हणाली, "दे ना. म्हणून तर इथं आत घ्यायला लावलं तुला."

आता बशीरभाई चपापले. पोरीला माहीत आहे? म्हणजे अंगठी माहीत असून? रुमालाच्या टोकावर त्यांची बोटं घट्ट झाली.

वाजिदनं हात रुमालाखाली घातला आणि खालच्या खालीच मोजा काढला. मोजा टेबलाच्या अलीकडच्या कडेवरून रहिमतबीच्या मांडीत पडला. पुढं झुकलेल्या बशीरभाईंनी त्याचा पंजा धरला, आणि सवयीनं बोटं मोजायला घेतली, अंगठ्याकडून. अंगठा. पहिलं बोट. मधलं बोट. मग जिथं अंगठी असायची तिथं त्यांनी बोट नेलं.

अंगठी सापडली नाही. अंगठी घालायचं बोटच सापडलं नाही. करंगळीही नव्हती. तिथं एक गुळगुळीत, उंचवटा आलेली कड होती, गार, आणि तिच्यावर तेल चोळलेलं होतं. कापराचा वास हळूहळू टेबलावर आला. कोटाखालचा सौदा म्हणजे म्हाताऱ्यानं चोळलेलं हे तेल, ते त्या वासानं सांगितलं.

चाळीस वर्षं बशीरभाई दुसऱ्यांची तोंडं बघत आले होते. आज पाच माणसं त्यांचं तोंड बघत होती. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला होता. बशीरभाईंनी तोंड हलू दिलं नाही. पण आत ते एकेक गोष्ट पुन्हा उचलून बघत होते आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसत होती. डावा हात, चिरलेला बटाटा, कडी लावलेली न्हाणी. सगळं खरं बघितलं होतं त्यांनी, एकही चूक नव्हती. फक्त आयुष्यभर मालात जास्तीचं काय घातलंय तेवढंच शोधायची सवय. काय कमी आहे ते बघणं त्यांचं काम कधी नव्हतंच.

वाजिद बोलायला लागला. "चाचा, दोरी हाताला..."

"रुमाल हाय तवर बोलायचं न्हाई." त्यांनी आपला हात उलटा केला. "आता तू धर. तुझा भाव सांग."

वाजिदच्या हातावर तीनच्या वर भाव जात नव्हता. पण आता धरायचा होता बशीरभाईंचा हात, आणि त्याला पाच बोटं होती. त्यानं त्या तीन बोटांत त्यांचा अख्खा पंजा घेतला आणि आवळला. दुखत असणार. गार हवेत तेल चोळल्याशिवाय न चालणारा हात एवढा आवळला की दुखतोच. पण रुमालाच्या वर पोराच्या तोंडावर काही दिसलं नाही. बशीरभाईंना मनातून कौतुक वाटलं. हा पेठेत टिकला असता.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तसाच राहू देऊन विचारलं, "बोल आता."

वाजिदनं सांगितलं ते थोडंच होतं. दीड वर्षापूर्वी याच धक्क्यावर बोट लावताना दोरी त्यानं हाताला गुंडाळून धरली. गुंडाळायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. लाटेनं बोट मागं ओढली. फिनबारनं हात बांधला, त्याच्या मुलीनं गाडी कॉर्कपर्यंत पळवली. नंतर महिनाभर तो याच घरात राहिला, कारण एकट्याला शर्टाची गुंडीही लावता येत नव्हती.

"आन् ईदच्या कार्यक्रमात वळख झाली म्हणालीस," बशीरभाई लेकीला म्हणाले.

"इस्पितळात झाली, माझ्या वॉर्डात. पण ईदच्याच आठवड्यात," सबा म्हणाली. "तेवढं खोटं नव्हतं."

"साताऱ्याला ठाव हाय?"

वाजिदनं नाही म्हणून मान हलवली. आईला रक्तदाब आहे. लग्न झालं की सावकाश सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं.

"मंजे आईला बी झाकलेलाच माल दाखवायचा." बशीरभाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि सबानं मान खाली घातली. "हे बघ वाजिद, हाताचं मला काय बी न्हाई. पर सौदा झाला की रुमाल काढावा लागतो. काढल्याशिवाय मी माल उचलू देत न्हाई. आत्ता फोन लाव."

साताऱ्यात संध्याकाळचे सात वाजले होते. आईनं फोन उचलताच पोराचा चेहरा का उतरलाय, जेवला का, बशीरभाई नाही म्हणाले का, असे तीन प्रश्न एका दमात विचारले. वाजिद डाव्या हातात फोन धरून बसला होता. उजवा हात अजून टेबलावर, रुमालाखाली. बशीरभाईंनी रुमालाचं टोक धरलं, आणि ओढला.

वाजिदनं हात उचलून फोनसमोर धरला.

पलीकडं चेहरा काचेच्या जवळ आला. मग आईनं विचारलं, "दुखतंय का रं?"

"थंडीत दुखतं."

"मग तिथं कशाला राहिलायस थंडीत," असं म्हणून ती रडायला लागली, आणि रडता रडताच वडिलांना हाका मारायला लागली. तेलाचं विचारलं, डॉक्टरचं विचारलं, कधी झालं ते विचारल्यावर दीड वर्षाच्या शिव्या दिल्या. रक्तदाब जिथल्या तिथं राहिला. शेवटी तिनं बशीरभाईंना फोन द्यायला सांगितला. त्यांचं आता काय म्हणणं आहे, ते तिला विचारायचं होतं, पण विचारायला धजत नव्हती.

"आमचा होकार हाय, भाभी," बशीरभाई म्हणाले. "हात बघून दिलाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी रुमालाची घडी घालायला घेतली. शेजारून रहिमतबी मांडीवर पडलेला मोजा उचलून बघत होती. तिनं त्याची शेवटची दोन बोटं दाबली, आणि आत ठासून भरलेला कापूस बाहेर ओढला.

"काल सकाळी माजं कपाळ धरलं तवाच लागला हा," ती म्हणाली. "दोन बोटं मऊ, गादीवानी."

काल नव्हे, आज सकाळी, असं सबानं सांगितलं. रहिमतबीला समुद्रावर दिवसांचा हिशेब राहिला नव्हता.

बशीरभाई तिच्याकडं बघत राहिले. "आन् मी बाकावर एवढं बोललो तवा गप बसलीस?"

"तुमी अंगठीचं इचारलंत. अंगठी न्हवतीच, तर काय सांगू?" तिनं कापूस पिशवीत टाकला. "आन् मी सांगितलं आसतं तर तुमी मानलं आसतं व्हय? तुमाला हाताला लागल्याबिगर काय पटतंय."

वाजिदनं हसू दाबलं. सबानं दाबलं नाही. बशीरभाईंनी यादीतलं रहिमतबीचं नाव शाईनं लिहायचा विचार केला होता, तो रहित केला. पेन्सिलीतच बरी ती.

मासा गार झाला होता. वाजिदनं सवयीनं डाव्या हातात काटा घेतला, मग थांबला, आणि बशीरभाईंकडं बघितलं.

"खा की उजव्या हातानं," रहिमतबीच बोलली. "तीन बोटांनीच खायचं आसतंय. पैगंबर तसंच खायचे, सुन्नत हाय ती."

त्यानं काटा ठेवला. उठून हात धुऊन आला, सगळ्यांसमोरच्या नळावर, कडी न लावता. मग अंगठा आणि दोन बोटांनी माशाचा तुकडा उचलून तोंडात घातला. पहिला तुकडा निसटला, दुसरा गेला. बशीरभाईंनी आपला काटाही बशीच्या कडेला ठेवला, बाह्या मागं सारल्या आणि हातानं खायला लागले. सबा, रहिमतबी, सगळ्यांनीच.

कोपऱ्यात फिनबार आणि त्याची मुलगी एकमेकांकडं बघत होते. ती आत गेली, चार नवे काटे घेऊन आली, उजेडात धरून एकेक नीट तपासला, आणि टेबलावर ठेवून तिथंच उभी राहिली, आधीच्या काट्यांतच काहीतरी खोट होती खास, अशा नजरेनं.